रविवारी रिकामा दिसलेला वऱ्हांडा

मित्रांनो, वर्ध्याच्या स्टेशनाबाहेर कोणत्याही ऑटोवाल्याले म्हणा, "जुन्या कॉलेजात चाल." कोणतं जुनं, असं तो विचारणार नाई. तोंडातला खर्रा थुंकन आन् सरळ माह्या पोर्चसमोर आणून सोडन. तेच मी. कॉलेजची जुनी बिल्डिंग. कपाळावर सिमेंटच्या अक्षरात नाव लिहिलं आहे, पण काही अक्षरं पडली आन् उरलेल्यावर कबुतरं बसते, म्हणून नाव वाचायच्या भानगडीत पडू नका.

मले जुनी म्हटलं तर राग येत नाई. 'पडायले आली' म्हटलं का येते. कोण पडायले आलं? माह्या खिडकीत जाऊन बसून पाहा. भिंत एवढी जाड आहे का माणूस खिडकीत मांडी घालते, पुस्तक उघडते, बाजूले चहाचा कप ठेवते, तरी जागा उरते. आता समोरची नवीन बिल्डिंग पाहा. काचेची. तिच्या खिडकीत चिमणीलेही विचार करून बसा लागते.

बरं, पयलेपासून सांगते. मंधातून उठून जाऊ नका.

माहा जन्म इंग्रजाच्या राज्यातला, ते जायच्या थोडं आधीचा. तेव्हा वर्ध्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागे. कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा लोकांनी असं केलं का बाजारात येणाऱ्या दर गाडीमागं एक ओंजळ कापूस कॉलेजच्या ढिगात टाकायचा. जबरदस्ती कोणाले नव्हती. ज्यानं टाकला त्याचं पोरगं कॉलेजात गेलंच असंही नाई. पण ढीग वाढत गेला आन् त्यातून माह्या पायाचा काळा दगड आला. दिसते मी दगडाची. आहे कापसाची.

सागवान आलं हिंगणीकडून, बोरच्या जंगलातून. छतावर मातीचे कवेलू चढले. आन् चुना कसा झाला ते तर तुमच्यातल्या कोणीच पाह्यलं नसन. जमिनीत गोल चर खोदायचा. चरात दगडाचं जडशीळ चाक, चाकाले लाकडाचा दांडा, दांड्याले बैल. चरात चुना आन् रेती टाकायची, वरून बेलफळाचं पाणी. बैल गोल गोल फिरते आन् चाक चुना दळते. तिले चुन्याची घाणी म्हणत. माह्या घाणीले एक पांढरा बैल होता आन् एक तांबडा. मी उभी होईपर्यंत दोघं फिरतच राह्यले. स्वतः कुठीच पोचले नाई बिचारे, पण त्यायच्या फिरण्यातून मी उभी झाली.

काम संपलं तेव्हा पोळा जवळ आला होता. मिस्त्री लोक म्हणे, यंदाचा पोळा इथीच भरवू. माह्या मागच्या वऱ्हांड्याले ओळीनं कमानी आहे. मधली कमान सगळ्यात रुंद, आन् तिच्यापुढं दगडी उतार. चुन्याच्या पाट्या वर न्यायले केला होता तो, मंग तसाच राहू देला. त्या मधल्या कमानीले आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं. घाणीचे दोघं बैल वऱ्हांड्यात उभे केले, शिंगांले बेगड, पाठीवर झूल. पूजा झाली, तोरण तोडलं, बैल त्याच्याखालून निंघाले आन् उतारावरून खाली गेले. त्यालेच पोळा फुटला म्हणते.

मंग घाणी बुजवली. बैल आपल्या घरी गेले. पुढं शहरातून बैलच गेले. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते ना, लहान पोरायचा, लाकडाच्या बैलांचा, तो अजूनही माह्याच मागच्या वऱ्हांड्यात भरते. आजूबाजूच्या मोहल्ल्यातले पोट्टे चाकावरचे बैल ओढत आणते. तोरण तुटते आन् सगळे बैल एकदम उतारावरून गडगड गडगड खाली. मित्रांनो, माह्यात भाषणं झाली, गॅदरिंग झाले, मोठमोठे लोक हार घालून गेले. पण त्या गडगडीवर माहा जेवढा जीव आहे तेवढा कोणत्याच भाषणावर नाई.

आता माह्या कामाचं सांगते. वर्ध्याचा उन्हाळा कसा असते, सांगा लागत नाई. डांबर चपलीले चिकटते. माह्यात पंखे नव्हते तेव्हाही पोरं मे महिन्यात पेपर लिहून गेले आन् कोणी चक्कर येऊन पडलं नाई. काऊन का वारा मागच्या वऱ्हांड्यातून आत येते, वर्गातून फिरते, आन् गरम हवा वरच्या झरोक्यातून बाहेर निंघून जाते. वऱ्हांडा म्हणजे माहं नाकच समजा. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येईन.

तारीफ लय झाली माही. लोक पोर्चमधे उभे राहून माना वर करते आन् म्हणते, "काय काम केलं राजेहो." आता तर लग्नाआधीचे फोटो काढायले जोडपे येते. एक नवरदेव माह्या खांबाले टेकला, त्याच्या काळ्या कोटाले चुना लागला, तर मलेच शिव्या देल्या त्यानं. मी टेकायले सांगितलं होतं का?

आन् तारीफ करणारेच हाल करते. एका साहेबानं माह्या चुन्यावर सिमेंट फासलं. ते अंगाले धरत नाई, पापुद्रे निंघते, आन् मंग लोक म्हणते पाहा, पडायले आली. भिंतीत खिळे ठोकले, वायरी लोंबवल्या. पोट्ट्यायनं बदाम कोरले. एकानं तर एकाच खांबावर दोन बदाम कोरले, दोन्हीत त्याचं नाव तेच, पोरीचं वेगळं. मी काही बोलली नाई. पावसाळ्यात एका वर्गात कवेलातून पाणी गळते, तिथी बादली ठेवते. ते बादली एवढी रोज हजर राहते का पोरायनं तिले रोल नंबर देला.

हे सगळं मी सहन करते. पण यंदा जे झालं ते सांगायसाठीच तुम्हाले बसवलं.

हिंगणीहून एक एसटी सकाळी लवकर वर्ध्याले येते. तिच्या पुढची गाडी दुपारची, ते कॉलेजच्या कामाची नाई. म्हणून त्या बाजूच्या गावातल्या पोरी सकाळच्याच गाडीनं येते. कॉलेज भरते अकराले. लायब्ररी उघडते त्याच्या थोडं आधी. मंधातल्या वेळात ह्या पोरी जाईन कुठी? मागच्या वऱ्हांड्यात. खांबाले टेकून बसते, डबा खाते, एकमेकीच्या वेण्या घालते, अभ्यास करते, भांडते. फाटकाबाहेर देवकाबाईची तर्री पोह्याची, म्हणजे झणझणीत रश्श्याच्या पोह्याची, टपरी आहे, तिथून एक प्लेट आणते आन् तीन जणी खाते.

त्यायच्यात एक पौर्णिमा. पयल्या वर्षाची. हिंगणीच्या प्रेमदासची मोठी पोरगी. प्रेमदास दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवते, थोडी घरची शेती. अ‍ॅडमिशनच्या दिवशी तो तिच्यासंगं आला होता. पोरगी फारम भरत होती तोवर हा पूर्ण कॉलेज फिरून आला. त्याले वर्ग पाहायचे नव्हते. त्याले एकच पाहायचं होतं.

"बसस्टँडवर मी तुले घंटाघंटाभर बसू देणार नाई," तो पौर्णिमाले म्हणे. "मी पाह्यलं तिथी कसे लोक राह्यते. सकाळची गाडी आन् अकराचं कॉलेज, मंधात तू बसशील कुठी?"

"इथी बसते ना बाबा सगळ्या."

त्यानं मागचा वऱ्हांडा पाह्यला. पोरी बसल्या होत्या. दोघी वाचत होत्या, एक झोपली होती, पुस्तक तोंडावर ठेवून. प्रेमदास मंग खांबापाशी बसला. चांगला बराच वेळ बसला. वर पाह्यलं.

"लाकूड आमच्याकडचं दिसते," म्हणे.

मले तेव्हाच हा माणूस आवडला.

"ठीक आहे," तो उठता उठता म्हणे. "इथी बसशील तर शिक. हे जागा आहे तोवर कॉलेज आहे, समजलं?"

पौर्णिमानं मान हलवली. एवढ्यावरच तिचं कॉलेज सुरू झालं, मित्रांनो. माह्या एका वऱ्हांड्याच्या भरवशावर.

आता दुसरीकडं काय चालू होतं ते पाहा. बाहेरून तपासणी कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं का कॉलेजले अंगात येते. कुंड्या निंघते, फलक निंघते, नवीन कॉम्प्युटर लॅब पाहिजे असं निंघालं. जागा कुठी? कॉलेजचे अध्यक्ष अण्णाजी, कापसाच्या जुन्या जिनिंग मिलवाले, ह्याच कॉलेजात शिकलेले. त्यायनं ठेकेदाराले सांगितलं, जागा शोधून दे. ठेकेदार म्हणजे अनुप. पोरगा वाईट नाई. टेप घेऊन आला, सगळीकडं लावला, मोबाइलमधे फोटो काढले आन् अण्णाजीले फोन केला.

"अण्णाजी, मागचा वऱ्हांडा पूर्ण रिकामा पडून आहे. कोणी बसत नाई, कोणी फिरकत नाई. कमानी बंद करून देतो, लॅब तयार."

कोणी फिरकत नाई. मित्रांनो, तो आला होता रविवारी.

मले तोंड असतं तर सांगितलं असतं का बाबू, रविवारी तर फाटकाबाहेरची पोह्याची टपरीही बंद राहते, कॉलेजात कोण बसन? पण मले तोंड नाई, नुसतं नाक आहे, आन् तेच हे बंद करायले निंघाले होते.

काम सुरू झालं. पौर्णिमा सकाळी आली तर कमानीसमोर विटा, रेती, दोरी बांधलेली. मिस्त्री म्हणे, "बाई, इथी बसू नका, अंगावर माल पडन." पोरी गेल्या निंबाखाली. निंबाखाली चिखल. लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसल्या तर झाडणाऱ्यानं उठवलं. तिथून बसस्टँडवर गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाई. तिसऱ्या दिवशी आणखी एक कमी.

पौर्णिमा आली. ते रोज येत राह्यली. पण बापाले तिनं भिंतीचं काहीच सांगितलं नाई. देवकाबाईच्या टपरीवर उभ्या उभ्या पुस्तक वाचे.

"सांगून टाक ना घरी," देवकाबाई म्हणे.

"सांगितलं का कॉलेज बंद."

"आन् त्याले दुसऱ्याकडून समजलं तर?"

पौर्णिमानं पोह्याची प्लेट बाजूले ठेवली. "मावशी, तर्री जास्त झाली," म्हणे. डोळ्यात पाणी होतं आन् बिल तर्रीवर फाडलं पोरीनं.

भिंत सगळ्या कमानीत गुडघ्याएवढी आली आन् पोळा आला. पोळ्याले वर्ध्यात कोण काम करते? मिस्त्री गावी गेले. भिंतीवर ओले पोते टाकून गेले. मी तशीच उभी, अर्धं नाक दाबलेली. वर्गात आताच वारा कमी झाला होता, मास्तर लोक रुमालानं मान पुसून राह्यले होते, पण कारण कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी देवकाबाई तोरण घेऊन आली. तोरण बांधायचा मान तिच्या घरचा आहे, काऊन का घाणीचे बैल हाकणारा तिचा आजेसासरा होता. स्टुलावर चढली, मधल्या कमानीले तोरण बांधलं, खाली उतरली आन् भिंतीकडं पाह्यलं. पदर खोचून, ओठ दाबून उभी राह्यली. मले तेव्हाच समजलं का हिच्या डोक्यात काहीतरी शिजून राह्यलं.

पोट्टे आले. नेहमीसारखे पोर्चमधून आत, गल्लीतून मागच्या वऱ्हांड्यात. धोतर नेसलेले, फेटे बांधलेले, एकाच्या रंगवलेल्या मिशा घामानं गालावर आल्या होत्या. बैल ओळीनं उभे राह्यले. ह्या गर्दीत प्रेमदासही आला, लहान पोरीले घेऊन. तिचं नाव काजल. पौर्णिमानं तिले पोळ्याचं एवढं सांगून ठेवलं होतं का पोरगी ऐकायलेच तयार नाई. आता यायचंच आहे म्हटल्यावर पौर्णिमा बापाले काय सांगन? संगं आली होती, पण बापाच्या मागं मागं राहून राह्यली होती. काजलच्या हातात बापानं बनवलेला सागवानी बैल, एक शिंग थोडं वाकडं.

"पोट्टी बैल घेऊन आली," एक मिशीवाला हसला.

"तुह्या बैलाले तर शेपूटच नाई," काजल म्हणे. त्यानं आपला बैल मागं सरकवला.

अण्णाजी आले. टिळे लावले, नारळ फोडला, बैलांची पूजा केली. मंग मधल्या कमानीपाशी गेले, तोरणाले हात घातला. आन् हात तिथीच थांबला.

खाली भिंत होती.

आता पाहा मजा. येणाऱ्या दर माणसाले भिंत दिसली होती. पण दर माणसाले वाटलं का मधली कमान कोणीतरी सोडली असन. अण्णाजीले वाटलं अनुपनं सोडली असन. अनुपले वाटलं मिस्त्रीनं सोडली असन. मिस्त्री गावी जाऊन पुरणपोळी खाऊन राह्यला होता. पोळ्याची कमान, जिच्याखालून एवढ्या वर्षांपासून बैल निंघते, तीच विटांनी बुजवली होती, आन् तोरण मात्र नेहमीसारखं तिच्याच वर.

"अनुप," अण्णाजी म्हणे, हात वरच, "बैल कुठून निंघन?"

अनुप पुढं आला. घाम पुसला. "अण्णाजी, आजच्यापुरते उचलून पलीकडं ठेवू. लाकडाचेच आहे."

"पोळ्याचा बैल कोणी उचलून नेते का?" अण्णाजीचा आवाज चढला. "उचलून नेते तो मेलेला बैल."

"मंग समोरच्या दारातून..."

"समोर तोरण कुठी आहे?"

पोट्टे चुळबुळ करायले लागले. अण्णाजीचा हात तोरणावर. तोडलं तर बैल निंघालेच पाहिजे, आन् निंघायले वाट नाई. सोडलं तर पोळा फुटत नाई. न फुटलेला पोळा कोणी पाह्यला आहे? तेवढ्यात देवकाबाई पुढं आली. पोळ्याले झडत्या म्हणते, माहीत असन तुम्हाले, गाण्यातून टोमणे मारायचे, आन् झडतीचा त्या दिवशी कोणी राग धरायचा नाई असा रिवाज आहे. देवकाबाईनं कमरेवर हात ठेवून सूर लावला:

"कॉलेज बांधलं चुन्याचं, तोरण आंब्याच्या पानाचं,
बैल अडले भिंतीपाशी, डोकं चाललं कोनाचं?"

पोट्ट्यायनं मागून 'हर बोला'चा गजर केला. लोक हसले. अनुप भिंतीवरचे पोते सरळ करायले लागला, जसं काय पोत्याचाच प्रश्न होता. अण्णाजीच्याही ओठाची कड हलली.

पण प्रेमदास हसला नाई. त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या कमानी पाह्यल्या. मंग पौर्णिमाकडं.

"हे भिंत कायची?"

"लॅब होऊन राह्यली."

"कधीपासून?"

पौर्णिमा काजलच्या बैलाचा दोर सरळ करायले लागली.

"मंग तू बसते कुठी?"

"टपरीपाशी. उभी राहते."

"माह्यासंगं खोटं बोलली तू."

"खोटं नाई बोलली. सांगितलं नाई."

"एकच झालं ते," प्रेमदास म्हणे. आवाज बारीक होता, पण मले खांबात ऐकू आला. "जागा आहे तोवर कॉलेज, असं ठरलं होतं आपलं."

"हो."

"मंग जागा राह्यली नाई."

मित्रांनो, मी आयुष्यात लय रिझल्ट लागताना पाह्यले. पास होणारे पाह्यले, नापास होणारे पाह्यले. पण परीक्षा न देता नापास होणारी पोरगी माह्यासमोर उभी होती, आन् कारण माह्या अंगावर चढवलेल्या विटा. मले एवढा संताप आला का झरोक्यातले कबुतरं उडाले. म्हणजे ते आपोआप उडाले असन. पण उडाले.

पौर्णिमा बापापासून सरकली. पोट्ट्यांच्या ओळीतून, बैल ओलांडत, अण्णाजीसमोर जाऊन उभी राह्यली.

"अण्णाजी, बैल आज अडले तर तुम्ही सगळे एवढे घाबरले," म्हणे. "आम्ही तर रोज अडून राह्यलो."

"तू कोण आहे बाई?"

"पौर्णिमा. हिंगणीची. मी रोज सकाळी इथी बसत होती. आम्ही सगळ्याच बसत होतो. आमची गाडी लवकर येते जी."

अण्णाजीनं अनुपकडं पाह्यलं. "तू तर म्हणे इथी कोणी बसत नाई."

"मी आलो तेव्हा कोणीच नव्हतं, अण्णाजी. खरंच नव्हतं."

"कोणत्या वारी आलते तुम्ही?" पौर्णिमानं विचारलं.

अनुपनं आठवलं. आठवता आठवता त्याचा चेहरा उतरला. "रविवार होता," म्हणे.

ह्या वेळेस कोणी हसलं नाई. अण्णाजीनं तोरणावरचा हात खाली घेतला. ते ह्याच वऱ्हांड्यात बसून शिकले आहे, मित्रांनो. देवळीकडून सायकलनं येत, उन्हात लाल होऊन, आन् ह्याच फरशीवर आडवे पडत. मले आठवते. त्यायले आठवलं का नाई ते मी कशी सांगू, पण त्यायनं वाकून फरशीवर हात ठेवला. थंडच होती.

"मिस्त्री नाई तर नाई," ते उठून म्हणे. "सब्बल कुठी आहे?"

सब्बल, म्हणजे पहार, मिस्त्र्यांच्या सामानात होती. अण्णाजीनं उचलली, दोन घाव घातले आन् धापा टाकायले लागले. तिसऱ्या घावाआधी कोणीतरी सब्बलीले हात लावला.

"सोडा जी, मले द्या," प्रेमदास म्हणे.

त्यानं एक एक वीट मोकळी केली. आन् पोट्टे, फेटे बांधलेले, मिशा रंगवलेले, विटा हाताहातानं बाजूले नेऊन रचायले लागले. अनुपनंही बाह्या वर केल्या. मधली कमान मोकळी झाली तसा वारा आत शिरला. तोरणाची पानं हलली. मी श्वास घेतला.

अण्णाजीनं तोरण तोडलं.

गडगड गडगड. सगळे बैल उतारावरून खाली. काजलचा बैल उतारावर विटेच्या तुकड्याले अडकला आन् आडवा पडला. तिनं त्याच्या पाठीवर एक चापट मारली, "ऊठ ना," म्हणे, आन् तो उठलाही, म्हणजे तिनं उठवला. मिशीवाल्यानं तिच्यासाठी दोर धरून ठेवला होता.

धूळ बसल्यावर अनुप बाजूच्या कमानीकडं बोट दाखवून म्हणे, "अण्णाजी, बाकीचीही पाडू का?"

अण्णाजीनं पौर्णिमाकडं पाह्यलं. पौर्णिमा भिंतीपाशी गेली, पोतं बाजूले केलं आन् त्या गुडघ्याएवढ्या भिंतीवर बसून पाह्यलं.

"राहू द्या," म्हणे. "बसायले बरी आहे. फक्त वरून फरशी लावून द्या."

प्रेमदास हात झटकत होता. विटांच्या लाल मातीनं मनगटापर्यंत भरले होते. तो तिच्या बाजूले येऊन बसला.

"पुढच्या वेळेस सांगजो," तो म्हणे. "काही असलं तर पयले मले सांगजो."

"हो बाबा."

"आन् उद्या पयलीच गाडी धरजो. लेट करू नको."

एवढंच. पण पौर्णिमानं तोंड दुसरीकडं केलं, आन् ह्या वेळेस बिल फाडायले तर्रीही नव्हती.

आता सगळं चांगलंच झालं असं समजू नका. लॅब गेली माह्याच पुढच्या मोठ्या हॉलमधे. माह्या सागवानी छताखाली पांढरे पत्रे लटकवले, हिंगणीचं लाकूड दिसतच नाई आता. त्याचा राग मले अजून आहे आन् राहीन. बादलीवाला वर्ग अजून गळते. पण मागं सगळ्या कमानीत ओटे झाले, वर शहाबादी फरशी, आन् मधली कमान मोकळी. गेलेल्या पोरीही परत आल्या. कमिटी आली तेव्हा एक मॅडम ओट्यावर टेकल्या आन् म्हणे, "ही बसायची सोय फार छान केली, कल्पना कोणाची?" अनुप म्हणे, "माझीच." देवकाबाई फाटकापाशी होती. पुढच्या पोळ्याची झडती तिनं तिथीच जुळवली असन.

मित्रांनो, तुमच्याही गावात माह्यासारखी एखांदी म्हातारी बिल्डिंग असन. तिले रंग द्या, कवेलू बदला, खिळे काढा, लय उपकार होईन. पण काही बांधायच्या आधी, काही पाडायच्या आधी, एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी सकाळी तिथी या. टेप खिशातच ठेवा. कमानीत, पायरीवर, खिडकीत कोण बसलं आहे ते पाहा. त्यायले विचारा, कुठून आले, गाडी कधी येते. मंग टेप काढा.

बरं, पुरे झालं माहं बोलणं. हिंगणीची गाडी आली असन. फाटकातून पोरी येऊन राह्यल्या, पौर्णिमा पुढं आहे. तुम्ही माह्या ओट्यावर बसले असान तर जरा सरका.